विचारणारा बाहेर असतो

काळोखे कुणालाही एक प्रश्न दोनदा विचारत नसत. त्यामुळे त्यांच्या घरी गेलेली निम्मी माणसं चहा न पिताच परत आलेली आहेत, आणि त्यात आमचे हेही आहेत.

आपल्याकडची रीत काय? “चहा घेणार ना?” “नको हो, आत्ताच झाला.” “अहो, घ्या थोडा.” “नाही, खरंच नको.” “अर्धा कप.” “बरं, आता तुम्ही एवढा आग्रहच करताय तर.” एवढं झालं की कप येतो, आणि तो चांगला काठोकाठ भरलेला असतो. हे शेंबड्या पोरालाही कळतं. काळोख्यांना कळत नसे. ते विचारायचे, “चहा?” समोरचा म्हणायचा, “नको, राहू द्या.” संपलं! काळोखे आत हाक मारायचे, “एकच टाक गं, पाव्हणे नको म्हनतात!” आणि मग पाहुण्यासमोर उभ्यानेच बशीत ओतून भुरके मारत प्यायचे. आमचे हे त्यांच्या घरून परत आले ते धुमसतच आले.

“कसला माणूस आहे गं हा तुझा साहेब?”

“तुम्ही नको म्हणालात ना?”

“अगं, नको म्हणजे काय नको असतं का?”

मी दुसऱ्या दिवशी ऑफिसात काळोख्यांना चांगलं सुनावलं. त्यांना वाईट वाटलं, पण पटलं मात्र नाही. म्हणाले, “बाई, मी इच्यारलं, त्यांनी उत्तर दिलं. आता त्ये उत्तर खोटं हाय ह्ये मला कसं कळावं? माणूस इच्यारलेल्याचं उत्तर कधीच देत न्हाई बगा. त्याच्या मनात जे असतं त्ये देतो.”

आता सांगते हे काळोखे कोण ते. पिंपरीत मुंबई-पुणे रस्त्याला लागून आमचा कारखाना होता. आज तिथे मोठमोठ्या इमारती आहेत आणि खाली गाद्यांचं दुकान आहे, त्यामुळे नाव सांगून काही उपयोग नाही. तिथे ई.डी.पी. नावाचा विभाग होता, म्हणजे कंपनीचा कॉम्प्युटर आणि तो चालवणारी आम्ही माणसं. ऐंशी सालच्या आसपासची गोष्ट आहे. अख्ख्या कारखान्यात दोनच ठिकाणी एअर कंडिशनर होता, एक जनरल मॅनेजरच्या केबिनमध्ये आणि एक आमच्या मशीनला. चपला दाराबाहेर काढून आत जायचं. बाहेरच्या खात्यांतले लोक त्याला “देवघर” म्हणायचे, आणि त्यात कौतुक कमी आणि जळफळाट जास्त होता.

या देवघराचे मुख्य पुजारी काळोखे. देहूरोडच्या पलीकडच्या एका खेड्यातले. पोरगेलेपणी कंपनीच्या फौंड्रीत लागले, लोखंड ओतायचे वाळूचे साचे करायला. नोकरी करता करता रात्रीच्या कॉलेजातून बी.एस्सी. झाले. पण त्या वाळूच्या धुळीने छाती धरली. खोकला सुरू झाला की माणूस भिंतीला हात लावून उभा राही. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, पुन्हा फौंड्रीत गेलात तर माझ्याकडे येऊ नका. त्याच सुमाराला कंपनीने कॉम्प्युटर घेतला, त्यासाठी माणसं निवडायला परीक्षा घेतली, आणि काळोखे तिच्यात पहिले आले. असे ते आमच्याकडे आले. कोपरापर्यंत गुंडाळलेल्या बाह्या, उजव्या हातावर लोखंडाच्या ठिणग्यांचे पांढरे डाग, आणि बसायचा कंटाळा. प्रोग्रॅमसुद्धा उभ्यानेच लिहायचे. शांत असले की पुण्याच्या माणसासारखं शुद्ध बोलायचे, पण विषय जिव्हाळ्याचा निघाला की गावाकडची भाषा वर यायची. ती आली की आम्ही समजायचो, आता वेळ लागणार.

आणि विषय निघायचा तो साच्याचाच.

कारखान्यातल्या प्रत्येक कामगाराचं एक रजेचं खातं असायचं. काळोख्यांची कल्पना अशी की आधी रजेच्या खात्याचा एक साचा करायचा आणि मग त्याच साच्यातून प्रत्येक कामगाराचं खातं पाडायचं. पाटलाचं वेगळं, पवाराचं वेगळं, पण घडण एकच. आम्ही कोबॉलवाले. कोबॉल म्हणजे प्रोग्रॅम लिहायची तेव्हाची भाषा, तिच्यात असलं काही करायची सोय नव्हती, पण काळोखे ओढूनताणून ते करायचेच. पुष्कळ वर्षांनी याच कल्पनेला लोक “क्लास” आणि “ऑब्जेक्ट” म्हणतात हे मला कळलं. माझी भाची वाकडला हेच काम करते. परवा ती फोनवर कुणाशी तरी तावातावाने भांडत होती, “अरे, क्लासच्या आत कशाला इनपुट मागतोस? बाहेर माग आणि आत दे!” मी पोळी लाटता लाटता थांबले. अगं बाई, म्हटलं, हे तर काळोखेच बोलतायत!

कारण हा धडा काळोखे स्वतःची फजिती करून घेऊन शिकले होते.

त्यांनी पहिल्यांदा रजेचा साचा केला तेव्हा प्रश्न साच्याच्या आतच घातला होता. म्हणजे खातं जागं झालं की ते स्वतःच विचारणार, “रजा किती दिवस?” एका खात्यावर करून बघितलं, झकास चाललं. काळोख्यांनी पेढे वाटले. महिनाअखेर आली. सगळी खाती एकापाठोपाठ एक उघडून फक्त बेरजा मारायच्या होत्या, कुणालाही काही विचारायचं नव्हतं. पण साच्यातच प्रश्न! पाटलाचं खातं जागं झालं आणि विचारू लागलं, रजा किती दिवस? पवाराचं जागं झालं, त्याचंही तेच. आणि विचारणार कुणाला? तर मशीनसमोर बसलेल्या आमच्या ऑपरेटरला, पठाणभाईंना. ते बिचारे शून्य दाबत बसले. सकाळपासून नुसतं शून्य, शून्य, शून्य. दुपारी जेवायच्या सुट्टीत बोटं झटकत बाहेर आले आणि अगदी अदबीने म्हणाले, “काळोखे साब, बुरा मत मानो, लेकिन आपके साचे बहुत बोलते हैं.”

काळोखे त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी आले ते डोळे लाल करून, आणि आम्हा सगळ्यांना मशीनभोवती गोळा करून म्हणाले, “आमी फौंड्रीत इतकी वर्षं काढली आन आमाला येवढं कळलं न्हाई! साचा कधी उठून भट्टीपाशी जातो का? ‘जरा रस वाढा हो’ असं म्हनतो का? न्हाई! त्यो गप पडून ऱ्हातो. रस आननारा येगळा. साचा इच्यारत न्हाई, इच्यारनारा भायेर असतो. पन रस आत आला की त्याचं काय करायचं त्ये साच्यानं बघायचं. तिथं भायेरच्याचं काम न्हाई. आन साच्याला मागनं भोक तर कुनीबी पाडायचं न्हाई. एकदा का भोक पाडलं की मग त्यातनं निघंल ती हरेक वस्तू नासकी.”

भोक म्हणजे काय, तर कुणीही परस्पर आत हात घालून खात्यातला आकडा बदलणं. आमच्या मशीनरूममधून ते सहज करता यायचं. काळोख्यांच्या राज्यात मात्र ते महापाप होतं.

मी तशी तापट. एका ओळीत होणारं काम दोन ठिकाणी लिहायचं, विचारणारा भाग वेगळा आणि खात्याचा वेगळा, याचा मला संताप यायचा. एकदा गुपचूप साच्यातच प्रश्न घालून मोकळी झाले. काळोख्यांनी तो कागद वाचला, घडी केली, आणि खिडकीच्या हलणाऱ्या तावदानाखाली पाचर म्हणून ठोकला. बोलले काही नाहीत. मीही पुढे आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाही, आणि त्यांच्या ते लक्षातही आलं नाही. असा माणूस!

तर अशात आमचे जनरल मॅनेजर राजाध्यक्ष परदेश बघून आले. तिथे म्हणे कामगार स्वतः टर्मिनलवर, म्हणजे पडदा आणि टाइपरायटरसारख्या कळा जोडलेल्या यंत्रावर, आपापली माहिती भरतात. मध्ये कारकून नाही, कार्ड पंच करणाऱ्या मुली नाहीत. झालं! साहेबांच्या डोक्यात बसलं. गेटजवळच्या टाइम ऑफिसात एक टर्मिनल आलं आणि कामगारांनी रजा त्याच्यावरच मागायची असं ठरलं.

काळोखे हरखले. आता विचारणारा खरोखरच बाहेर, थेट गेटपाशी! प्रश्न मराठीत, पण इंग्रजी अक्षरांत. हिरव्या अक्षरांत पडद्यावर उमटायचं, RAJA KITI DIVAS? इंग्रजी अक्षरं कामगारांना पार्टनंबर वाचून वाचून ओळखीची झाली होती, तेव्हा वाचायची अडचण नव्हती. अडचण निराळीच होती. माणसं मशीनलासुद्धा माणसासारखीच उत्तरं द्यायची. एकाने एकेक अक्षर शोधत, घाम पुसत लिहिलं, “TUMHI DYAL TEVDHI.” तुम्ही द्याल तेवढी! दुसऱ्याने लिहिलं, “BAGHU.” पेंटशॉपमधल्या एकाने पडद्याला आधी नमस्कार केला आणि मग घरी सगळे मजेत असल्याचं कळवलं. मशीन उलट उत्तर द्यायचं, CHUKICHE UTTAR. त्यावर तो भडकला. “अठरा वर्षं नोकरी झाली माझी राव, आजवर कुना साहेबानं मला असं तोंडावर चूक म्हनलं न्हाई!” युनियनपर्यंत गेलं ते. शेवटी काळोख्यांनी तिथे KRUPAYA AAKDA LIHA असं घातलं. घालताना पुटपुटत होते, “आता मशीननंबी आग्रह करायचा.”

पण खरा घोळ केला तो एका आडव्या रेघेने.

आपण मराठी माणसं आकडा एकटा कधी सांगतच नाही. किती माणसं येणार? पाच-सात. किती वेळ लागेल? दहा-वीस मिनिटं. एकट्या आकड्याला आपण भितो की काय देव जाणे. मशीनशॉपमधला सावंत गणपतीला कोकणात निघाला होता. रजा किती दिवस? त्याने सरळ मनाने दाबलं, 2-4. दोन-चार दिवस. आता काळोख्यांनी विचारणाऱ्या भागात एक व्यवस्था करून ठेवली होती. तेलकट बोटांनी भलतीच कळ दाबली जाते म्हणून आकड्याखेरीज जे काही येईल ते रसावरची मळी काढावी तसं काढून टाकायचं आणि उरेल ते आत पाठवायचं. मधली रेघ मळी म्हणून गेली. उरले चोवीस. शिल्लक रजा भरपूर होती, खात्याने मान डोलावली.

सावंत चौथ्या दिवशी खुशाल परत आला, हातात वॉचमनसाठी नारळ. वॉचमनने यादी बघितली आणि नारळ घेतला, पण सावंतला आत घेईना. “तुम्ही रजेवर आहात.”

“अरे, मी हयसर उभो आसंय मा!”

“उभे असाल. पण रजेवर आहात.”

“मगे मी कामाक येऊक नको?”

“ते तुमचं तुम्ही बघा. चोवीस दिवस झाले की या.”

गेटवर ही गर्दी! पहिल्या पाळीची माणसं आत जायची थांबली. कुणी टाळ्या वाजवतंय, कुणी “सावंत, परत जा आणि आणखी एक गणपती बसव” म्हणून ओरडतंय. शेवटी राजाध्यक्षांना स्वतः खाली यावं लागलं. त्यांनी सावंतला आत घेतलं आणि काळोख्यांना वर बोलावलं.

काळोखे केबिनमधून परत आले ते पार उतरलेल्या चेहऱ्याने. खुर्चीवर बसले. ते बसले म्हटल्यावर आम्हीच घाबरलो. राजाध्यक्षांनी सांगितलं होतं, खंडेनवमीच्या आधी एक दिवस मी स्वतः सकाळी टाइम ऑफिसात उभा राहीन. कामगार येतील, रजा मागतील. एक जरी नोंद चुकली तर टर्मिनल काढून टाकायचं, हे काम बाहेरच्या कंपनीला द्यायचं, आणि काळोखे जिथून आले तिथे परत. फौंड्रीत.

“तुम्ही छातीचं सांगितलंत का त्यांना?” मी विचारलं.

“ते म्हनाले, तिथं साचे करायला अनुभवी मानूस पायजेच हाय.”

आणि त्यांना खोकला लागला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते रागाने आलं. राजाध्यक्षांना काय, त्यांची केबिन थंडगार!

पुढचे दिवस काळोख्यांनी आमचा जीव खाल्ला. मळी काढायची व्यवस्था पार उपटून टाकली. बाहेरच्याने जे मिळेल ते जसंच्या तसं आत द्यायचं, आणि खात्याने स्वतः तपासायचं. नुसता आकडा आहे ना? शिल्लक रजेच्या आत आहे ना? नसेल तर घेणार नाही, परत पाठव. मग परीक्षा. येईल जाईल त्याला धरून टर्मिनलसमोर बसवायचे आणि वाटेल ती उत्तरं द्यायला लावायचे. पठाणभाईंनी उर्दू शेर लिहून बघितला. मी माझ्या सासूबाईंबद्दल चार शब्द लिहिले. खात्याने एकही घेतलं नाही. घरीही त्यांचं तेच चालू होतं. एकदा सकाळी येऊन म्हणाले, “बायकोला इच्यारलं, आज भाजी कोन्ती? म्हनली, बगू. नापास.” मी म्हटलं, “आणि मग जेवायला मिळालं का?” तर म्हणाले, “त्येबी तिनं बगूच म्हनलं.”

शेवटी ती सकाळ आली. टाइम ऑफिसात राजाध्यक्ष, पर्सोनेलचे साहेब, युनियनचे दोघे, आणि दाराबाहेर रांग. काळोखे टर्मिनलशेजारी उभे, नवा शर्ट घालून. मी त्यांच्या मागे. पहिला कामगार आला, नीट आकडा लिहून गेला. दुसऱ्याने “2-4” लिहिलं. मशीनने नम्रपणे सांगितलं, कृपया आकडा लिहा. त्याने डोकं खाजवलं आणि चार लिहिलं. राजाध्यक्ष हसले. तिसऱ्याने तुम्ही द्याल तेवढी लिहिलं, त्यालाही मशीनने वळणावर आणलं. असे बरेच झाले. काळोख्यांच्या कानांच्या पाळ्या आनंदाने लाल झाल्या होत्या.

मग घुगे आला. नामदेव घुगे, फौंड्रीतलाच, बीडकडचा, तिशीतला माणूस. हातात तारेचा कागद चुरगळलेला. पडद्यावर उमटलं, रजा किती दिवस? तो नुसता बघत राहिला. मग एका बोटाने लिहिलं, “MAY AAJARI.” कृपया आकडा लिहा. त्याने लिहिलं, “MAHIT NAHI.” कृपया आकडा लिहा. त्याने आमच्याकडे वळून बघितलं. “आकडा कुठून आणू साहेब? माय शेवटची हाय म्हणून तार आलीय. कव्हा जाती ते तिनं मला सांगितलंय का?”

रांगेत कुजबुज सुरू झाली. युनियनवाले पुढे सरकले. राजाध्यक्षांनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, “एक आकडा टाक ना कुठलाही.”

“कोणताबी कसा टाकू? दोन टाकले आन ती राहिली चार दिस, तर? धा टाकले तर म्या तिच्या मरणाची वाट बघितल्यावाणी व्हईल!”

मी काळोख्यांच्या कानाशी गेले. “मी वर मशीनरूममध्ये जाते आणि त्याच्या खात्यात परस्पर सात टाकून येते. इथे कुणाला कळणारही नाही. तो जाईल, साहेब जातील, सुटलो.”

“मागनं भोक न्हाई,” काळोखे म्हणाले.

“मग जा फौंड्रीत वाळू खायला!” मी एवढ्या मोठ्याने म्हणाले की राजाध्यक्षांनीही वळून बघितलं.

काळोख्यांनी माझ्याकडे लक्ष दिलं नाही. कोपऱ्यातलं स्टूल ओढलं, घुगेला त्यावर बसवलं, आणि स्वतः त्याच्यासमोर उकिडवे बसले. मी त्या माणसाला कधी कुणासमोर बसून बोलताना बघितलं नव्हतं.

“गावाकडं कोन हाय तिच्याजवळ?”

“भाऊ हाय. धाकटा.”

“एस.टी. कितीला?”

“दुपारची हाय. उद्या पहाटं पोचतो.”

“खाती पिती का ती?”

“पाणी घेती म्हणं चमच्यानं.”

“तुला वळखती का?”

घुगेने होकाराची मान हलवली. “भावाचं पत्र आलं होतं आदी, माझंच नाव घेती म्हणं.”

काळोख्यांनी त्याच्या हातातला तारेचा चुरगळलेला कागद घेऊन सरळ केला. मग म्हणाले, “हे बग. सात दिवस टाकतो. आय बरी झाली तर आदी ये, कोन काय म्हननार न्हाई. न्हाई जमलं यायला, तर सातव्या दिवशी तार कर. पुढचं मी टाकीन. तू आकड्याचा इचार करू नको, तो माझ्याकडं ऱ्हाऊ दे. तू जा.” आणि उठून त्यांनी टर्मिनलवर सात दाबलं. खात्याने घेतलं. घुगे पाया पडायला वाकला, त्याला अर्ध्यात धरून दाराबाहेर ढकलला, “अरं पळ, एस.टी. जाईल!”

राजाध्यक्षांना हे पसंत पडलं नव्हतं. “काळोखे, प्रश्न मशीनने विचारायचा होता. तुम्ही मध्ये का पडलात?”

“साहेब, साचा इच्यारत न्हाई. इच्यारनारा भायेर असतो. इतका वेळ भायेर मशीन होतं. आत्ता मी होतो. आतल्या खात्यात काय बदललं? काय न्हाई. त्यानं जे तपासायचं त्ये तपासलं.”

राजाध्यक्षांनी वाकून पडद्यावरची नोंद पुन्हा वाचली. माणूस कडक होता, पण खोटा नव्हता, हे मी आज सांगते. “नोंद एकही चुकली नाही, हे मान्य,” ते म्हणाले. “तुम्ही फौंड्रीत जाणार नाही. पण विचारायला माणूस लागतो हेही मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. तेव्हा टर्मिनल इथेच राहील आणि त्याच्यापाशी तुम्ही बसाल. उद्यापासून. प्रोग्रॅम दुसरं कुणी लिहील.”

मी म्हटलं, झालं कल्याण! फौंड्री चुकली आणि टाइम ऑफिसची खिडकी आली. ज्या माणसाला पाहुण्याचा ‘नको’ उलगडत नाही, त्याला रोज सकाळपासून कारखानाभरच्या माणसांची उत्तरं ऐकत बसायचं! काळोखे मात्र नुसतं “बरं” म्हणाले, आणि वर जाऊन आपल्या चपला देवघराच्या दारातून उचलून घेऊन आले.

खिडकीवर पहिले काही दिवस धुमाकूळ होता. काळोखे विचारायचे, “किती दिवस?” “लगीन हाय.” “लगीन किती दिवस?” “तुमी बी या की साहेब.” “मी किती दिवस इच्यारतोय!” “दोन दिस आदी आलात तर बरं.” ते संतापाने लाल व्हायचे, खोकायचे, आणि पुन्हा विचारायचे. हो, पुन्हा! काळोखे आता एकच प्रश्न चार-चारदा, निरनिराळ्या बाजूंनी विचारू लागले होते. लग्न कुणाचं, हळद कधी, वरात कुठून. फिरून फिरून आकड्यावर यायचे. रांग लांब व्हायची, पण रांगेतल्यांना त्याची मजा वाटायची. पठाणभाई म्हणाले, “पहले इनके साचे बोलते थे, अब ये खुद बोलते हैं.” आणि रजेची एकही नोंद चुकली नाही.

त्याच सुमाराला आमच्या ह्यांची नागपूरला बदली झाली आणि मी राजीनामा दिला. दिवाळीच्या तोंडावरचे दिवस होते. शेवटच्या दिवशी सगळ्यांचा निरोप घेतला आणि गेटमधून बाहेर पडण्याआधी काळोख्यांना भेटायला टाइम ऑफिसकडे गेले. मनात खूप काही जुळवून ठेवलं होतं. तुमच्याशी भांडले, पण तुमच्याकडून शिकले, असं काहीतरी. खिडकीसमोर रांग होती, म्हणून कडेला थांबले.

रांगेत पुढे घुगे होता. गावाहून आला होता. वाढवलेली रजा बंद करायची असली की मशीन कारण मागायचं, आणि ते लिहिल्याशिवाय खातं पुढे जात नसे. पडद्यावर प्रश्न उमटलेला मला तिथून दिसत होता, RAJA KA VADHAVLI? घुगेने डोक्यावरची टोपी काढली. डोकं तुळतुळीत केलेलं होतं, त्यावर केसांचे नुसते खुंट आले होते.

“इचारा साहेब,” तो म्हणाला.

काळोखे त्याच्या डोक्याकडे बघत राहिले.

“तुला काय इच्यारू आता, बाबा,” ते म्हणाले.

त्यांनी मान खाली घातली आणि जे लिहायचं ते स्वतःच लिहिलं. मग उठले, बाजूचं दार उघडून खिडकीच्या या बाजूला आले, आणि घुगेचं ते बोडकं डोकं दोन्ही हातांनी धरून आपल्या छातीशी घेतलं. रांगेतलं कुणी घाई केली नाही. मी मनात जुळवलेलं सगळं तसंच ठेवलं आणि रडत रडत गेटबाहेर पडले.